शिशाच्या शिपायांची साक्ष

असईचे नाव ग्वाल्हेर, इंदूर, बडोद्याकडील आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा मोड करणारा इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली हा पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, आणि असईनंतर बारा वर्षांनी, १८ जून १८१५ रोजी, वॉटर्लूच्या रणभूमीवर झालेला नेपोलियनचा अखेरचा पराभव त्याच्या नावे इतिहासात जमा झाला. त्या दिवसानंतर इंग्लंडात त्याच्या शब्दाला विलक्षण वजन आले. तो मुत्सद्दी म्हणून मिरवला, १८२८ साली देशाचा पंतप्रधानही झाला. अशा या पुरुषास उतारवयात ज्या गोष्टींनी त्रास दिला त्यांत एक मोठी चमत्कारिक होती. प्लॅस्टरची जमीन, शिशाचे शिपाई आणि त्यांवर चढविलेला रंग, एवढेच तिचे साहित्य. विल्यम सायबोर्न नावाच्या एका सामान्य लेफ्टनंटाने सिद्ध केलेली वॉटर्लूच्या लढाईची ती प्रतिकृती होय. तिचा वृत्तांत आम्ही येथे देत आहो, कारण इतिहास लिहिणे आणि इतिहास मांडणे यांतील भेद आम्हांस तिच्याइतका स्पष्ट अन्यत्र कोठे दिसलेला नाही.

देखावा मांडणे ही गोष्ट आमच्या समाजास परकी नाही. चतुर्थीला गणपतीपुढे आरास होते, गोव्यातील चितारी पिढ्यान्‌पिढ्या मातीला रंग चढवीत आले आहेत. दिवाळीत बेळगावची व पुण्याची मुले अंगणात दगडमातीचा किल्ला रचतात, त्यावर हळीव नाहीतर मोहरी पेरून हिरवळ उगवितात, आणि बाजारातून आणलेले मावळे बुरुजाबुरुजांवर उभे करतात. या किल्ल्यांवर वाघ पुष्कळदा दरवाजापेक्षा उंच असतो, आणि तोफेशेजारी बसलेली गवळण गोलंदाजापेक्षा धिप्पाड असते. त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. सिंहासनावर महाराज बसले की किल्ला पुरा झाला. तेथे भाव महत्त्वाचा, माप नव्हे. सायबोर्नने जे आरंभिले त्याची जात निराळी होती. प्रत्येक पलटण त्या सायंकाळी ज्या बांधावर उभी होती त्याच बांधावर उभी करावयाची, तिच्यासमोर शत्रू जितका जवळ आला होता तितकाच जवळ आणून ठेवावयाचा, आणि पायाखाली राय असेल तर राय व क्लोव्हर असेल तर क्लोव्हर दाखवावयाचे, असा त्याचा संकल्प होता.

सायबोर्नचा जन्म १७९७चा. वॉटर्लूच्या दिवशी तो अवघा सतरा वर्षांचा होता आणि त्या लढाईत तो नव्हता. लढाईनंतर पॅरिस व्यापून बसलेल्या सैन्यात तो दाखल झाला, एवढाच त्याचा त्या मोहिमेशी संबंध. मात्र जमिनीचे चढउतार कागदावर उतरविण्याच्या विद्येत तो चांगलाच निष्णात होता. या विषयावर त्याने १८२२ आणि १८२७ साली ग्रंथ लिहिले, आणि दुसऱ्या ग्रंथात भूपृष्ठाच्या प्रतिकृती कशा कराव्यात याचीही रीत सांगितली. १८२६पासून आयर्लंडच्या सरसेनापतीच्या कचेरीत, डब्लिन येथे, तो साहाय्यक लष्करी चिटणीस होता. १८३० साली इंग्लंडचा सरसेनापती लॉर्ड हिल याने त्याच्यावर कामगिरी सोपविली: वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती तयार करावी, ती लष्कराच्या संग्रहालयात ठेवावी. खर्च सरकार देणार होते.

सायबोर्न बेल्जियममध्ये गेला आणि रणभूमीच्या मधोमध असलेल्या ला हे सँत या शेतवाडीत त्याने बिऱ्हाड केले. तेथे तो आठ महिने राहिला. या शेतवाडीसाठी लढाईच्या दिवशी दुपारपासून रक्त सांडले होते, आणि संध्याकाळी ती फ्रेंचांच्या हाती पडली होती. त्याच भिंतींच्या आड राहून त्याने शेत, बांध, रस्ता, कुंपण, उतार यांची मोजणी केली. परंतु एक अडचण अशी होती की तिच्यावर मोजणीदाराच्या साखळीचा इलाज नव्हता. नेदरलँड्सच्या राजाचा पुत्र प्रिन्स ऑफ ऑरेंज हा या लढाईत जखमी झाला होता. त्याच्या स्मरणार्थ १८२३ ते १८२६ या काळात रणभूमीवर सुमारे चाळीस मीटर उंचीचा एक मातीचा डोंगर रचण्यात आला आणि त्याच्या माथ्यावर सिंह बसविण्यात आला. या डोंगराची माती आणली कोठून? ज्या टेकाडाच्या आडोशाला वेलिंग्टनने आपल्या पलटणी दडवून ठेवल्या होत्या, त्याच टेकाडाची. ते टेकाड खरवडून निघाले. त्यातून गेलेल्या खोल रस्त्याच्या काठांची उंची नाहीशी झाली. लढाई ज्या जमिनीमुळे जिंकली गेली ती जमीनच लढाईच्या स्मारकात गेली. सायबोर्न चार वर्षे उशिरा पोहोचला होता. जे उरले होते ते मोजून आणि जे गेले होते ते विचारून त्याला काम करावे लागले.

आता मापाविषयी थोडे. प्रतिकृतीचे प्रमाण मैलास नऊ फूट असे धरले होते, म्हणजे जमीन सुमारे पाचशे सत्त्याऐंशी पटींनी लहान केलेली. या हिशेबाने पाच चौरस मैलांची भूमी सुमारे चारशे चौरस फुटांत बसते. एखाद्या मध्यम दिवाणखान्याएवढी ती जागा होय. एवढी मोठी वस्तू एकसंध करणे व हलविणे शक्य नसल्याने ती निरनिराळ्या तुकड्यांची करून जुळविण्यात आली. पण जमिनीच्या त्याच मापाने शिपाई करावयाचे तर साडेपाच फुटी माणूस जेमतेम तीन मिलिमीटरांचा होतो. तांदळाचा दाणा त्याहून मोठा. त्यावर डगला कोणता आणि पट्टा कोणता हे दाखविणार कसे? म्हणून पुतळ्या सुमारे दहा मिलिमीटर उंचीच्या करण्यात आल्या. (मूर्ती हा शब्द आम्ही येथे मुद्दाम टाळतो, तो देवघरासाठी राहू द्यावा.) म्हणजे माणूस जमिनीच्या मानाने तिप्पट झाला. मग पलटणीचा विस्तार जमिनीवर खरा ठेवावयाचा असेल तर माणसांची संख्या कमी करणे ओघानेच आले. दोन शिपायांमागे साधारण एक पुतळी असा हिशेब बसला. तरीसुद्धा पुतळ्यांची एकंदर संख्या सत्तर हजारांच्या वर गेली.

दिवाळीच्या किल्ल्यावरचा मोठा वाघ आणि सायबोर्नचा तिप्पट शिपाई यांत आम्हांस एक गमतीचे साम्य वाटते. दोघेही मापाबाहेर आहेत. फरक एवढाच, की सायबोर्नला आपला शिपाई किती मोठा आहे हे ठाऊक होते आणि त्याची भरपाई त्याने संख्येत करून घेतली. उत्तम प्रतिकृतीतही कोठेतरी खोटे असतेच. ते कोठे व किती, हे कर्त्यास माहीत असले म्हणजे झाले.

या पुतळ्या कथील व शिसे यांच्या मिश्रणाच्या ओतीव होत्या. जर्मनीत न्यूरेंबर्गकडे पाटीच्या दगडात साचा कोरून असे शिपाई ओतण्याचा धंदा अठराव्या शतकापासून भरभराटीस आला होता, आणि मुलांचे खेळणे म्हणून ते युरोपभर जात. नखाएवढ्या पुतळीवर नाक-डोळे काढण्यात अर्थ नसतो. तिची ओळख रंगावर: लाल डगला म्हणजे इंग्रज, निळा म्हणजे फ्रेंच, त्याहून काळपट निळा म्हणजे प्रशियन. छातीवरचे पांढरे पट्टे, डोक्यावरची काळी टोपी, यापलीकडे कुंचल्याला वाव नाही. पण रंगाची ही बाब क्षुल्लक समजू नये. खुद्द लढाईतही धुरात रंगच पाहून गोळी सुटत असे, आणि रंगानेच घात होई. डाव्या टोकाकडे वेलिंग्टनच्या बाजूने लढणाऱ्या नासाऊच्या पलटणींवर मदतीस आलेल्या प्रशियनांनीच, त्यांना फ्रेंच समजून, काही काळ गोळीबार केला. रणात जिवंत माणसांचा जो गोंधळ झाला, तो सत्तर हजार मुक्या पुतळ्या रंगविताना होऊ नये यासाठी कोणती पलटण कोठे हे आधी निश्चित व्हावयास हवे होते. आणि येथूनच सायबोर्नचे खरे दुर्दैव सुरू झाले.

लढाई सकाळी साडेअकराच्या सुमारास सुरू होऊन रात्रीपर्यंत चालली. लेखकाला ती तासागणिक सांगता येते. प्रतिकृतीला एकच क्षण मिळतो. सायबोर्नने निवडलेला क्षण सायंकाळी सातच्या सुमाराचा. नेपोलियनने राखून ठेवलेली आपली इम्पीरियल गार्ड ही निवडक फौज अखेर पुढे घातली आणि ती इंग्रज टेकाडाच्या माथ्यावर येऊन धडकली, तो हा क्षण. त्या क्षणी तुमची पलटण कोठे होती, कोणत्या रचनेत होती, तुमच्यासमोर शत्रू कसा उभा होता आणि आसपास पीक कोणते होते, असे प्रश्न छापून १८३४पासून त्याने हयात असलेल्या अधिकाऱ्यांकडे पाठविले. सोबत नकाशा दिला आणि त्यावर आपली जागा आखून द्यावी अशी विनंती केली. सुमारे सातशे पत्रे आली.

बखरकाराला आपला नायक कोणत्याही क्षणी कोठेही उभा करता येतो. “शौर्याची शर्थ झाली” या एका वाक्यात दहा हजार माणसे बसतात, आणि कोण पुढे होते व कोण मागे, हे विचारण्याची पाळी वाचकावर येत नाही. प्रतिकृती करणाऱ्यास ही सवलत नाही. त्याच्या हातात पुतळी असते. ती खाली ठेवलीच पाहिजे, आणि ठेवली की ती एका जागी असते व दुसऱ्या जागी नसते. सातशे पत्रांतील माणसे वीस वर्षांपूर्वीचे आठवून लिहीत होती. प्रत्येकाने आपल्या समोरचे पन्नास-शंभर कदम पाहिलेले, बाकी धूर. इम्पीरियल गार्डला मागे कोणी रेटले याविषयीच एकवाक्यता नव्हती. इंग्लंडच्या फूट गार्ड्सच्या पहिल्या रेजिमेंटने तो मान घेतला होता आणि लढाईनंतर ‘ग्रेनेडियर गार्ड्स’ हे नावही तिला मिळाले होते. उलट बावन्नाव्या पलटणीचे लोक म्हणत की कोलबोर्नने आपली पलटण वळवून गार्डच्या बगलेवर घातली, म्हणूनच गार्ड फुटली. या पलटणीचे निशाण लढाईत हाती धरणारा विल्यम लीक हा कोवळा तरुण पुढे पाद्री झाला, आणि आपल्या पलटणीवरील अन्यायाचे परिमार्जन करण्यासाठी त्याने १८६६ साली, म्हणजे लढाईला अर्धशतक उलटून गेल्यावर, ग्रंथ प्रसिद्ध केला. मानापमानाच्या या वादांत शिशाची पुतळी बोटभर पुढे सरकली तरी कोणाच्या तरी हृदयाला घर पडणार होते.

लष्करी कचेरीतील वरिष्ठांस ही चौकशीची पद्धत मानवली नाही. फिट्झरॉय सॉमरसेट हा त्यांच्यातील प्रमुख. वॉटर्लूला त्याचा उजवा हात गेला होता आणि ड्यूकचा तो जुना विश्वासू होता. इतक्या जणांच्या आठवणी गोळा करून सत्य हाती लागणार नाही, घोटाळा मात्र वाढेल. ड्यूकने लढाईच्या दुसऱ्या दिवशी धाडलेला खलिता आहे, तो पुरेसा समजावा, असा एकंदर सूर होता. दरम्यान सरकार बदलले होते आणि १८३३ साली पैशाचाही हात आखडला. दुसरा एखादा असता तर काम तेथेच थांबले असते. सायबोर्नने कर्जे काढली आणि नोकरी सांभाळून ते चालू ठेवले. एकंदर खर्च सुमारे तीन हजार पौंडांवर गेला. कचेरीत चिटणिसी करणाऱ्या लेफ्टनंटाच्या दृष्टीने ही रक्कम डोईजड होती. ज्याच्या पराक्रमासाठी हे सर्व चालले होते त्या ड्यूकला कृतज्ञ राष्ट्राने १८१७ साली स्ट्रॅटफील्ड से येथे मोठी जहागीर घेऊन दिली होती, याची येथे नुसती आठवण करून देतो.

वादाचे मर्म होते प्रशियनांत. ब्लूखरचे प्रशियन सैन्य दोन दिवसांपूर्वी लिन्यी येथे मार खाऊनही चिखल तुडवीत वॉटर्लूकडे आले. दुपारी साडेचारच्या सुमारास ब्यूलोच्या तुकड्या नेपोलियनच्या उजव्या बगलेस प्लांसन्वा या खेड्याजवळ भिडल्या आणि तेथे घरोघर झुंज जुंपली. त्यांना थोपविण्यासाठी नेपोलियनला आपली राखीव फौज तोडून द्यावी लागली. लढाई संपेपर्यंत पन्नास हजारांच्या आसपास प्रशियन रणभूमीवर येऊन पोहोचले होते. प्रश्न असा, की सायंकाळी सातला त्यांच्यापैकी किती आले होते आणि कोठवर? सायबोर्नने प्रशियाच्या लष्करी खात्याकडूनही माहिती मिळविली होती, आणि तिला अनुसरून त्याने प्रशियनांच्या दाट रांगा फ्रेंचांच्या बगलेवर मांडल्या. आता पाहणाऱ्याच्या डोळ्यांत काय भरणार? समोर टेकाडावर इंग्रज गार्डला परतवीत आहेत, आणि त्याच वेळी मागे नेपोलियनच्या बगलेत काळपट निळ्या डगल्यांचा लोंढा शिरत आहे. विजय कोणाचा, हा प्रश्न पुस्तकात शंभर पानांनी टाळता येतो. तेथे तो एका दृष्टिक्षेपात उभा राहिला.

ड्यूकला हे मान्य होण्यासारखे नव्हते. सातच्या सुमारास इतके प्रशियन इतके पुढे आलेले नव्हते, असे त्याच्या बाजूचे म्हणणे पडले. त्याचा दुसरा आक्षेप अधिक मूलगामी होता. प्रत्येक अधिकाऱ्याने आपापल्या आठवणीतला मोठा क्षण सांगितला, आणि कारागिराने ते सर्व एकाच घड्याळावर बसविले. त्यामुळे कोणत्याही एका क्षणाचे खरे चित्र त्यात उरलेले नाही, असे त्याचे मत होते. आपण पाहावयास गेलो तर आपली संमती आहे असा अर्थ होईल, म्हणून तो ती प्रतिकृती पाहण्यासही गेला नाही. लढाईचा इतिहास लिहिणे म्हणजे नाचाच्या एखाद्या समारंभाचा इतिहास लिहिण्यासारखे आहे, लहानसहान प्रसंग आठवतात पण ते कोणत्या क्रमाने व कोणत्या क्षणी घडले हे कोणास सांगता येत नाही, असे त्याने १८१५ सालीच एका पत्रात म्हटले होते. तेव्हा त्याच्या विरोधाचे मूळ प्रतिकृतीच्या पुष्कळ आधीचे होते, हे ध्यानी घेतले पाहिजे.

आमच्या मते ड्यूकचा दुसरा आक्षेप खरोखर वजनदार आहे. कोणत्याही युद्धदेखाव्याचा हा अंगभूत दोष होय. उजवीकडचा साडेसहाचा प्रसंग आणि डावीकडचा पावणेआठचा प्रसंग शेजारीशेजारी गोठून बसतात, आणि पाहणारा त्यांना समकालीन समजतो. पहिल्या आक्षेपाविषयी मात्र आम्ही इतक्या खात्रीने ड्यूकची बाजू घेणार नाही. आपल्या खलित्यात त्याने ब्लूखरच्या वेळेवर मिळालेल्या मदतीचे मोकळेपणाने आभार मानले होते, हे खरे. पण वीस वर्षांनंतर, आठवणी तपासून पाहण्याची वेळ आली तेव्हा, ज्याला सर्वांत अधिक माहिती होती त्याने आपली बाजू तपशीलवार मांडून दाखविली नाही. दुसऱ्याची चूक तेवढी दाखविली. स्वतः मोजणी करावयाची नाही आणि मोजणीदाराला चुकला म्हणावयाचे, ही रीत थोरांना शोभते की नाही याचा निर्णय वाचकांनी करावा.

१८३८ साली लंडनच्या पिकॅडिलीतील ईजिप्शियन हॉलमध्ये प्रतिकृती लोकांसाठी खुली झाली. सुमारे एक लाख लोकांनी ती पाहिली. लोकांची जिज्ञासा तृप्त झाली. सायबोर्नचे कर्ज फिटले नाही. ती सरकारने विकत घ्यावी म्हणून त्याने खटपट केली. तीही फळास आली नाही. अखेर त्याने प्रशियन पुतळ्यांचा मोठा भाग प्रतिकृतीवरून काढून टाकला आणि आपली त्यांची मांडणी चुकली होती असे मान्य केले. नवा पुरावा पाहून त्याचे मत खरोखर पालटले, की कर्जाचा व वरिष्ठांच्या नाराजीचा भार त्याला सोसवला नाही? यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. पीटर हॉफश्रोअर याने २००४ साली या प्रकरणावर एक आख्खे पुस्तक लिहून ड्यूकवर दडपणाचा आरोप ठेवला. इतरांनी तो अतिरंजित म्हणून फेटाळला. आम्हांस असे वाटते, की दोन्ही कारणे एकाच माणसाच्या मनात एका वेळी नांदू शकतात. पोटासाठी केलेली दुरुस्ती अंशतः खरीही असू शकते. पण ती करताना त्या माणसाचा हात कसा चालला असेल, याची कल्पना ज्याने स्वतः एखादी वस्तू वर्षानुवर्षे खपून घडविली आहे त्यालाच येईल.

तो थांबला नाही. १८४४ साली त्याने दुसरी प्रतिकृती लोकांपुढे ठेवली. हिच्यात क्षण निवडला दुपारी दोनच्या सुमाराचा: देर्लोंच्या फ्रेंच पायदळावर इंग्रजांचे जड घोडदळ तुटून पडते तो. येथे प्रमाण पहिलीच्या तिपटीहून मोठे होते, जमीन आणि माणूस यांचे माप जुळले होते आणि मुख्य म्हणजे त्या क्षणी रणभूमीच्या या भागात प्रशियन कोणीच नव्हते! हा क्षण त्याने वादातून सुटण्यासाठी निवडला की देखणा म्हणून, हे आम्ही सांगू शकत नाही. पण कारागीर म्हणून ही दुसरी कृती सरस होय, यात शंका नाही. त्याच वर्षी त्या मोहिमेचा त्याचा दोन खंडांचा इतिहासग्रंथही प्रसिद्ध झाला आणि दीर्घकाळ प्रमाणभूत मानला गेला. १८४३पासून तो चेल्सी येथील सैनिकांच्या मुलांच्या संस्थेत चिटणीस होता. जानेवारी १८४९मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, तो वारला. पहिली प्रतिकृती तोवर विकली गेली नव्हती. ती त्याच्या मृत्यूनंतर युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनने घेतली.

आता त्या सातशे पत्रांविषयी. शिपाई कोठे ठेवावा, एवढ्याच कामासाठी ती मागविलेली होती. काम झाल्यावर ती रद्दीत गेली असती तरी कोणी हळहळले नसते. परंतु ती राहिली. सायबोर्नचा पुत्र मेजर जनरल हर्बर्ट सायबोर्न याने १८९१ साली त्यांतील निवडक पत्रे ग्रंथरूपाने छापली; मूळ कागद आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. वॉटर्लूवर लिहिणारा कोणीही त्यांच्याकडे पाठ फिरवू शकत नाही. ड्यूकला ज्या चौकशीचा वीट आला होता तीच चौकशी या लढाईचे सर्वांत मोठे साधन होऊन बसली. त्यात एक उणीव आहे ती सांगितली पाहिजे: पत्रे विचारली गेली ती प्रायः अधिकाऱ्यांना. रांगेत उभा राहून गोळी खाणाऱ्या साध्या शिपायाला त्याची जागा नकाशावर आखावयास कोणी सांगितले नाही. प्रतिकृतीवर मात्र बहुतेक सारा तोच आहे.

या ग्रंथानंतर सातच वर्षांनी, १८९८ साली, वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड छापला. तोही पत्रांचाच, १७५० ते १७६१ या काळाचा, पानिपतापर्यंतचा. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण अस्सल पत्र बखरीहून वरचढ, हे राजवाड्यांनी ज्या आवेशाने सांगितले ते सायबोर्नला लगेच पटले असते. राजवाड्यांची पत्रे लढाईच्या धामधुमीत लिहिली गेलेली, सायबोर्नची वीस वर्षांनी आठवून लिहिलेली. साधन म्हणून पहिल्यांची योग्यता अर्थातच मोठी. उलट सायबोर्नजवळ एक गोष्ट होती. त्याला प्रश्न विचारता आले.

असईपुरते बोलावयाचे तर असा प्रश्न तेथे कोणी आमच्या बाजूस विचारला नाही. वेलस्लीने नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे पाहिली आणि मध्ये उतार असलाच पाहिजे असे ताडून, वाटाडे नाही म्हणत असता, तेथून फौज पार नेली. पोलमनच्या हाताखालील शिंद्यांच्या कंपूंनी ऐन वेळी तोंड फिरवून नवी फळी धरली. गोलंदाज तोफांजवळ पडले ते मेले असे समजून इंग्रज पुढे गेले, तर त्यांतील कित्येकांनी उठून पाठीमागून पुन्हा तोफा डागल्या. इंग्रजांकडील दीड हजारांहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली. हे सर्व आम्ही वाचतो ते बहुतांशी इंग्रजांच्याच कागदांत. त्या गोलंदाजांपैकी एकालाही नकाशा देऊन, तुझी तोफ कोठे होती ते आख, असे कोणी म्हटले असते तर काय काय निघाले असते! नद्या तेथेच आहेत, आणि तेथे कोणी टेकाड खरवडून सिंह बसविलेला नाही. मोजणी अजूनही करता येईल.

सायबोर्नची दुसरी प्रतिकृती रॉयल आर्मरीजच्या संग्रहात आहे. पहिली बरीच वर्षे व्हाइटहॉलमधील बँक्वेटिंग हाउसमध्ये होती. आता ती लंडनमध्ये चेल्सी येथील नॅशनल आर्मी म्युझियममध्ये पाहावयास मिळते. तीत सायंकाळचे सात वाजून गेलेले आहेत. इम्पीरियल गार्ड टेकाडाच्या माथ्याशी आली आहे, लाल डगल्यांच्या रांगा तिच्यापुढे उभ्या आहेत, ला हे सँतची शेतवाडी फ्रेंचांच्या ताब्यात आहे. आणि प्लांसन्वाच्या अंगास प्रशियन थोडे आहेत.